पानगळीत बाग झाडून काढू नका: शरदातल्या बागकामाचा सल्ला

दिवस आखूड होऊ लागले, सकाळी गवत दवाने ओले दिसू लागले आणि दुपारच्या उन्हाचा चटका ओसरला, की बागेत रमण्याचा काळ सुरू होतो. उन्हाळ्यात पहाटे किंवा तिन्हीसांजेलाच उरकावी लागणारी कामे आता भर दुपारी निवांत करता येतात. तण हळू वाढते, पाणी कमी लागते, माती मात्र हवेइतक्या लवकर थंड होत नाही. झाडाचा शेंडा थांबला तरी माती उबदार असेपर्यंत मुळे वाढत राहतात. म्हणून या ऋतूत लक्ष द्यायचे ते जमिनीकडे. फुलाफळांचा नंबर त्यानंतर.

या दिवसांत बहुतेकांकडून होणारी चूक एकच: बाग लख्ख झाडून काढणे. पाने गोळा करून पेटवून देणे, वाळलेले दांडे उपटणे, वाफे उघडे ठेवणे. असे केल्याने झाडांनी वर्षभर जमवलेले सेंद्रिय द्रव्य एका संध्याकाळी धुरात जाते. उघडी पडलेली माती पावसाने धुपते आणि वाऱ्याने सुकते.

पालापाचोळा: काय करावे, काय करू नये

पान पिवळे पडते तेव्हा झाड त्यातले नत्र आणि स्फुरद बऱ्याच प्रमाणात मागे खेचून फांद्यांत व मुळांत साठवते. हरितद्रव्य मोडते आणि पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल-जांभळा रंग मात्र काही झाडे त्याच दिवसांत नव्याने तयार करतात. रात्री थंड आणि दिवस लख्ख उन्हाचे असले की हा रंग जास्त खुलतो. मग देठाच्या बुडाशी विलग होणाऱ्या पेशींचा थर तयार होतो आणि पान गळते. गळलेल्या पानात कॅल्शियम राहते, कर्ब भरपूर असतो, नत्र मात्र थोडेच.

हे समजून घेतले की पुढची चूक टळते. सुकी पाने तशीच मातीत गाडली, तर ती कुजवणारे जिवाणू लागणारे नत्र मातीतून ओढतात आणि तिथली रोपे पिवळी पडून खुरटतात. पाने एकतर मातीच्या वर पसरावीत, नाहीतर आधी कुजवून मग मिसळावीत.

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे पानखत. सुमारे १ मीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा तारजाळीचा गोल पिंजरा सावलीत, थेट मातीवर उभा करावा. पाने भरताना दर २०-२५ सेंटिमीटरच्या थरावर पाणी मारावे आणि पायाने हलके दाबावे. पुढे काही करायचे नाही, फक्त ढीग आतून ओला राहतो ना हे महिन्यातून एकदा हात घालून पाहावे. पानखत बिघडते ते बहुधा कोरडेपणामुळे. वरचा थर भिजलेला दिसतो आणि आत पाने वर्षभर कुरकुरीत राहतात. हे काम मुख्यतः बुरशी करते, म्हणून ढीग तापत नाही. तो तापला नाही म्हणून घाबरू नये. वर्षभरात आच्छादनाजोगे भरड खत तयार होते आणि दोन वर्षांत चहाच्या चोथ्यासारखे काळे, भुसभुशीत. पाने आधी गवत कापायच्या यंत्राखाली बारीक केली तर वेळ बराच वाचतो. जाड, चिवट पानांना तर बारीक केल्याशिवाय टाकूच नये.

हे खत १ सेंटिमीटर छिद्रांच्या चाळणीतून चाळून, बागेची माती आणि जाड वाळू यांच्याबरोबर समप्रमाणात मिसळले की कुंड्यांसाठी उत्तम मिश्रण होते. ते पाणी धरून ठेवते आणि माती भुसभुशीत करते, पण त्यात अन्नद्रव्ये कमी असतात. पिकाचे पोषण यावर भागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

खत लवकर हवे असेल तर गरम ढीग लावावा. आकारमानाने तीन भाग सुकी पाने आणि एक भाग हिरवा माल, म्हणजे ताजे गवत, भाजीपाल्याची देठे किंवा ताजे शेण, असे आलटून पालटून थर द्यावेत. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी किमान १ मीटर हवी. त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. ओलावा मुठीत दाबून तपासावा: एक-दोन थेंब निघाले तर बरोबर, धार लागली तर जास्त. तीन-चार दिवसांत आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई मध्यभागी खुपसून दहा मिनिटांनी काढावी, ती हातात धरवली नाही तर ढीग नीट चालू आहे. त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी, बाहेरचा माल आत जाईल अशा रीतीने, ढीग उलटावा. अमोनियाचा झोंबणारा वास आला तर हिरवा माल जास्त झाला आहे, सुकी पाने मिसळावीत. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर हवा कोंडली आहे, ढीग मोकळा करावा. ताज्या गवताचा जाड थर कधीच देऊ नये. त्याचा चिकट पापुद्रा बनतो आणि हवा आत जात नाही.

झाडाखालच्या आच्छादनासाठी ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचा थर पुरे. तो खोडाला टेकवू नये. खोडाभोवती ८-१० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते आणि उंदीर तिथे बसून ती कुरतडतात. हिरवळीवर पडलेली पाने थोडी असतील तर कापणी यंत्राने तिथेच चुरून टाकावीत. जाड थर साचू दिला तर गवत पिवळे पडून मरते.

काही पाने मात्र वेगळी काढावीत. गुलाबावरचे काळे ठिपके आणि सफरचंदावरचा खवड्या हे बुरशीजन्य रोग गळलेल्या पानांवरच थंडी काढतात आणि वसंतात तिथूनच नव्या पालवीवर चढतात. अशी पाने पानखताच्या पिंजऱ्यात जाऊ देऊ नयेत, कारण तो ढीग तापत नाही. सफरचंदाच्या बागेत सगळी पाने उचलणे शक्य नसेल तर गळालेल्या पानांवर ५ टक्के युरिया, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, फवारावा. पाने लवकर कुजतात आणि रोगाचे बीज घटते. अक्रोडाच्या आणि निलगिरीच्या पानांतली द्रव्ये इतर रोपांची वाढ रोखतात. त्यांचा ढीग निराळा करावा आणि पूर्ण कुजल्यावरच वापरावा.

लागवड आणि पेरणी

बागेतली झाडे हलवायला किंवा नवी लावायला शरद हा सर्वांत सोयीचा काळ आहे. पानांवाटे उडणारे पाणी कमी झालेले असते आणि मुळांना उबदार माती मिळते. खड्डा मुळांच्या हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतालच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट रुंद घ्यावा, पण हुंडीपेक्षा खोल नको. सैल मातीवर बसवलेले झाड पुढे खचते आणि खोडाचा बुंधा मातीखाली जातो. खोड जिथे पसरट होऊन मुळांना लागते तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. कलमी झाड असेल तर कलमाचा सांधाही वर राहावा. कुंडीत गोल फिरलेली मुळे हाताने मोकळी करावीत, न सुटणारी छाटावीत. लावल्यावर लगेच १५-२० लिटर पाणी सावकाश मुरू द्यावे. खड्ड्यात रासायनिक खत टाकू नये.

लसणाला थंडी हवीच. रोपाला काही आठवडे १० अंशांखालची थंडी मिळाली नाही तर गड्डा पाकळ्यांत फुटत नाही, एकच गोळा तयार होतो. गड्डे लावणीच्या दिवशीच फोडावेत, कारण सुट्या पाकळ्या लवकर सुकतात. मोठ्यातल्या मोठ्या पाकळ्या निवडून टोक वर ठेवून ४-५ सेंटिमीटर खोल, १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर लावाव्यात. बारीक पाकळ्यांतून बारीकच गड्डे येतात, त्या स्वयंपाकाला ठेवाव्यात. पाणी साचणारी जागा टाळावी.

पालक आणि कोथिंबीर उन्हाळ्यात पटकन फुलोऱ्यावर जातात, आता ती निवांत पानावर राहतात. पालकाचे बी तापलेल्या मातीत नीट रुजत नाही, म्हणून माती २५ अंशांखाली आल्यावर पेरावे. धने हलके रगडून दोन भाग करून १ सेंटिमीटर खोल पेरावेत. गाजराला रुजायला दहा ते वीस दिवस लागतात आणि तेवढ्या काळात वरची माती एकदाही कडक होऊ देऊ नये. ओले गोणपाट अंथरावे आणि पहिला कोंब दिसताच काढावे.

काही लावायचे नसेल तरी वाफा उघडा ठेवू नये. मोहरी चौरस मीटरला सुमारे २ ग्रॅम या हिशेबाने फोकून द्यावी आणि फुलावर येण्याआधी कापून जागीच पसरावी. ज्या वाफ्यात पुढे कोबी किंवा फुलकोबी घ्यायची आहे तिथे मोहरी नको. एकाच कुळातली पिके एकमेकांचे रोग पुढे नेतात.

नत्रयुक्त खते आता थांबवावीत. त्यांनी फुटलेली कोवळी पालवी पहिल्या कडाक्यात करपते. मोठी छाटणीही नको. मेलेली आणि रोगट फांदी तेवढी काढावी.

पाणी आणि भुरी

उन्हाळ्याच्या सवयीने पाणी देत राहिल्याने या दिवसांत जेवढी कुंडीतली झाडे मरतात, तेवढी तहानेने मरत नाहीत. बोट ५ सेंटिमीटर आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, तेही सकाळी. कुंडीखालची थाळी रिकामी ठेवावी.

उबदार दिवस आणि गार रात्री हे भुरीचे, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी दिसणाऱ्या बुरशीचे, हवामान. इतर बऱ्याच बुरशींना लागते तसे ओले पान तिला लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. म्हणून दाटी कमी करून वारा खेळता ठेवणे हा पहिला उपाय. पसरू लागली तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारावे. हवा ३२ अंशांवर असताना, किंवा तेलाची फवारणी होऊन दोन आठवडे झाले नसताना, गंधक वापरू नये. पाने भाजतात.

काढणी, साठवण आणि बियाणे

भोपळ्याचे साल नखाने टोचले जात नाही इतके कडक झाले की ८-१० सेंटिमीटर देठ ठेवून तो कापावा. देठाला धरून उचलू नये, देठ तुटला की तिथूनच सड लागते. २५ ते ३० अंशांच्या उबदार, हवेशीर जागी दहा दिवस ठेवून मग थंड जागी हलवावा. थंडीआधी उरलेले हिरवे टोमॅटो १५ ते २० अंशांत, एका पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवावेत. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ते पिकतात, उन्हाची गरज नसते. फ्रिजमध्ये ठेवले तर चव जाते.

बियाणे धरण्यासारखा आनंद बागेत दुसरा नाही, पण त्याला शिस्त लागते. संकरित वाणाचे बी धरू नये, त्यातून मूळ वाण येत नाही. टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, काचेच्या ताटलीवर सावलीत वाळवावे. कागदावर टाकले तर चिकटून बसते. वाळवताना ३५ अंशांच्या वर उष्णता नको. बियातला ओलावा एक टक्का घटला, किंवा साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरले, तर बियाचे आयुष्य साधारण दुप्पट होते असा जुना ठोकताळा आहे. म्हणून बरणी घट्ट झाकणाची आणि जागा थंड व कोरडी हवी. वाणाचे नाव आणि साल बरणीवर लगेच लिहावे. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांतच उगवणशक्ती गमावते, टोमॅटोचे चार-पाच वर्षे टिकते.

गोठवणारी रात्र आणि बागेतले सोबती

निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि संध्याकाळीच बोचरी झालेली हवा, अशा रात्री दव गोठण्याचा धोका असतो. ढग असतील तर जमिनीची ऊब परत खाली येते. दुपारी मातीला पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते. सूर्य मावळण्याआधी कोवळ्या रोपांवर कापड टाकून त्याच्या कडा जमिनीला टेकवाव्यात आणि सकाळी काढावे. प्लास्टिक पानाला चिकटले तर तिथलेच पान करपते. थंड हवा उताराने खाली वाहते, त्यामुळे कुंड्या बागेच्या सखल कोपऱ्यातून वर हलवाव्यात.

सकाळी दवाने भरलेली कोळ्यांची जाळी मोजून पाहावीत. या ऋतूत कोळी पूर्ण वाढीला आलेले असतात आणि जाळी जास्त म्हणजे उडणाऱ्या किडींवर पहारा चांगला. पाचोळा हलकेच उचलला तर गांडुळे, वाणी आणि बुरशीचे पांढरे धागे दिसतात. हे धागे रोग नव्हेत, कुजवण्याचे काम चालू असल्याची खूण आहे. मातीला येणारा ओला सुगंध तिच्यातल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या जिऑस्मिन या द्रव्याचा.

फुले संपलेली सूर्यफुले आणि झेंडू लगेच उपटू नयेत, पक्षी बिया टिपतात. मावा खाणारे ढालकिडे पाचोळ्यात थंडी काढतात, फुलपाखरांचे कोष वाळक्या दांड्यांना लटकतात आणि एकट्याने राहणाऱ्या मधमाश्या पोकळ दांड्यांत अंडी घालतात. रोगट झाडे तेवढी मुळासकट काढावीत. बाकीचे दांडे थंडी संपेपर्यंत उभे ठेवावेत. दिवसाचे तापमान सलग आठवडाभर १० अंशांच्या वर राहू लागले की ते ३० ते ४० सेंटिमीटर उंचीवर कापावेत. वरचे तुकडे फेकून न देता कुंपणाशी सैल रचून ठेवावेत, म्हणजे आत उरलेले जीव बाहेर पडू शकतात. खालचे खुंट तसेच राहू द्यावेत. नवीन फुटव्यात ते महिनाभरात झाकले जातात आणि मधमाश्यांना पुढच्या घरट्यासाठी उपयोगी पडतात.