जुना कंपनी-फिटेड रेडिओ बसवण्याआधी

वापरलेला कंपनी-फिटेड कार रेडिओ विकत घेतला, की पहिला प्रश्न वायरिंगचा नसतो. कोड कुणाकडे आहे, हा असतो. बॅटरीचा पुरवठा तुटला की हे सेट स्वतःला कुलूप लावून घेतात आणि पुन्हा चालू केल्यावर ‘कोड’ किंवा ‘सेफ’ एवढंच दाखवत बसतात. म्हणून पाना-स्क्रू ड्रायव्हर नंतर, आधी कागद.

पैसे द्यायच्या आधीच विकणाऱ्याकडून पावती, सेट ज्या गाडीतून निघाला तिचं मॉडेल आणि साल, आणि असेल तर कोडचं कार्ड मागून घ्या. ते बहुधा गाडीच्या मॅन्युअलच्या पाकिटात पडलेलं असतं. यातलं काहीच न देता “कोड काय, कुणीही काढून देईल” असं कुणी म्हणत असेल, तर तो सेट तिथेच ठेवून निघा. माल चोरीचा असण्याची शक्यता राहते, आणि अधिकृत डीलर कोड देताना मालकीचा पुरावा मागू शकतो, तेव्हा अडचण तुमची होते.

दुसरी चौकशी सेटच्या पिढीची. जुन्या सेटला चार-पाच आकडी कोड दिला की काम भागतं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मात्र रेडिओ गाडीच्या चासी नंबरशी किंवा इतर कंट्रोल युनिटशी जोडलेला असतो. तिथे नुसत्या कोडने भागत नाही, कंपनीच्या यंत्रणेतून तो नव्या गाडीला जोडून घ्यावा लागतो. तो खर्च धरला तर जुना सेट अनेकदा महागात पडतो, हे माझं स्पष्ट मत.

सेट हातात आला की त्याच्या अंगावरच्या स्टिकरचा फोटो काढा, तोही दोनदा. कार्ड नसेल तर कोड त्यावरच्या नंबरवरूनच शोधला जातो. फोक्सवॅगनच्या जुन्या सेटवर ‘व्हीडब्ल्यूझेड’ने सुरू होणारा चौदा अक्षर-अंकांचा नंबर असतो, फोर्डच्या अनेक सेटवर ‘व्ही’ किंवा ‘एम’ने सुरू होणारा, तर रेनोला एक अक्षर आणि तीन आकडे पुरतात. शून्य आणि ‘ओ’ यांतला घोळ इथेच मिटवा. फोर्ड आणि होंडाच्या काही सेटमध्ये 1 आणि 6 ही बटणं एकत्र दाबून नंबर पडद्यावरही आणता येतो. तो स्टिकरशी जुळतो का पाहा. कोडसाठी सेट उघडून आतली मेमरी चिप वाचणं हाही मार्ग आहे, पण ते सोल्डरिंगचा हात असलेल्या कारागिराचं काम.

कोड मिळाला नसेल तर अंदाजाने आकडे दाबू नका. एकदा मनात येतं, चारच तर आकडे आहेत! पण चार आकड्यांचे दहा हजार कोड होतात, आणि सेट तेवढा वेळ देत नाही. फोक्सवॅगनचे जुने सेट दोन चुकांनंतर सुमारे तासभर गप्प होतात, आणि तो तास सेट चालू ठेवूनच काढावा लागतो. रेनोमध्ये प्रत्येक चुकीनंतर थांबायचा वेळ दुप्पट होत जातो.

आता वायरिंग. कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, जुळतो म्हणजे वायरी जुळतात, असं समजू नका. आयएसओ या प्रमाणित कपलरच्या पॉवरच्या भागात 4 नंबरला कायमचा 12 व्होल्ट पुरवठा, 7 नंबरला इग्निशनचा आणि 8 नंबरला अर्थिंग असतं. फोक्सवॅगनच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत 4 आणि 7 उलट असतात. हे चुकलं तर चावी काढताच सेटची मेमरी जाते, आणि रोज सकाळी तो कोड मागतो. लोक सेटला दोष देतात, दोष दोन वायरींचा असतो. म्हणून मल्टीमीटर हाताशी हवा: चावी काढलेली असतानाही 12 व्होल्ट दाखवते ती कायमची वायर, चावी फिरवल्यावरच दाखवते ती इग्निशनची. रंगावर भरवसा नको. स्पीकरची निगेटिव्ह वायर अर्थिंग म्हणून बॉडीला जोडू नका, अॅम्प्लिफायर जळू शकतो. अँटेनाची पिनही बघून ठेवा. जुनी जाड पिन आणि नवा चौकोनी कपलर यांच्यामध्ये अडॅप्टर लागतो.

जमलं तर गाडीत बसवायच्या आधी टेबलावर 12 व्होल्टचा पुरवठा आणि एक स्पीकर जोडून कोड घालून पाहा. मात्र पुरवठा काढला की गाडीत बसवताना कोड पुन्हा मागेल, हे गृहीत धरा.

गाडीतला आधीचा सेट काढायला त्या मेकच्या काढायच्या चाव्या आणा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की फ्रेमवर कायमचे ओरखडे. बॅटरीची निगेटिव्ह काढण्यापूर्वी या आधीच्या सेटचा कोडही लिहून घ्या. तो सेट पुन्हा बसवायची वेळ आली तर लागेल.

विकत घेतलेला सेट जोडल्यावर तो लगेच फ्रेममध्ये ढकलू नका. बाहेर लटकत असतानाच कोड घाला, चारही स्पीकर ऐका, चावी काढून दहा मिनिटांनी पुन्हा लावा. कोड मागितला नाही, तरच सेट आत बसवा, आणि कोडची चिठ्ठी गाडीत नाही, घरी ठेवा.