मुलांना स्क्रॅच शिकवताय? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापूरच्या पूर्व भागात चौथी-पाचवीच्या मुलांना मी स्क्रॅचवर गेम आणि ॲनिमेशन शिकवते. स्क्रॅच म्हणजे कॉम्प्युटरवर आज्ञांचे रंगीत ठोकळे, म्हणजे ब्लॉक, एकमेकांना जोडून प्रोग्रॅम बनवायची मुलांची भाषा. दर वर्षी मुलं नवी, मदतीला येणारे ताई-दादा नवे, चुका मात्र त्याच. म्हणून एकदा लिहूनच काढते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मुलाच्या हातातला माऊस काढून घेणं. एका शाळेत पालकांना मुलांचे गेम दाखवायचे होते. वेळ कमी होता, म्हणून सगळ्यांना एकच गेम फळ्यावरून उतरवून दिला आणि ज्याचा चालेना त्याचा शिकवणाऱ्यांनीच दुरुस्त केला. वरून डाळिंबं पडतात, ती टोपलीत झेलायची. पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. एका मुलीचे वडील, यंत्रमागावर काम करणारे, वाकून म्हणाले, "जरा सावकाश पाड की गं, मला झेलता येईना." मुलीनं आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुठला आकडा बदलायचा हे तिला ठाऊकच नव्हतं. डाळिंब दर वेळी किती खाली सरकतं तो आकडा उणे दहाच्या जागी उणे चार करायचा, एवढंच काम होतं. तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून मूल अडलं की मी हात पाठीमागे धरून उभी राहते आणि विचारते: काय व्हायला हवं होतं? काय झालं? ते कुठल्या ब्लॉकमुळे झालं? वीस मिनिटं जातात, जाऊ द्या.

आता ते 'उणे'. पूर्णांक संख्या आपल्याकडे सहावीत येतात, आणि स्क्रॅचचा मंच, म्हणजे ज्या चौकोनात खेळ दिसतो तो, पहिल्याच दिवशी ऋण आकडे समोर टाकतो. मध्यभागी शून्य, डावीकडे उणे २४० पर्यंत, खाली उणे १८० पर्यंत. तोंडी समजावत बसू नका. मी फरशीवर खडूनं रेघ ओढते, मुलाला मधोमध उभं करते आणि पावलं टाकायला लावते. डावीकडे चार पावलं म्हणजे उणे चार. अर्ध्या तासात विषय संपतो.

दुसरी चूक 'जर'ची, आणि ती मोठी माणसंही करतात. खेळ सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली 'जर टोपलीला स्पर्श झाला तर गुण एकनं वाढव' एवढंच लावतात आणि गुण वाढत नाहीत म्हणून कॉम्प्युटरला नावं ठेवतात. झेंडा दाबला त्याच क्षणी तपासणी झाली, तेव्हा डाळिंब वर होतं, खेळ खलास. तपासणी 'कायम' लूपच्या, म्हणजे आतले ब्लॉक पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या ब्लॉकच्या, आत हवी. आमच्या मुलांना हे मागावरून चटकन कळतं. चादरीच्या जेकॉर्डवर, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत राहते; ती एकदाच फिरून थांबली तर नक्षी एकदाच उमटेल.

लूप लावल्यावर पुढची गंमत होते. एका मुलाला एका डाळिंबाचे अकरा गुण मिळाले आणि तो बाकावर चढून नाचला. शेजारचा ओरडला, "ताई, चीटिंग!" डाळिंब टोपलीतून खाली सरकेपर्यंत दर फेरीला स्पर्श मोजला जात होता. मी उत्तर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच शोधलं: स्पर्श होताच डाळिंब परत वर पाठवायचं.

बाकीच्या चुका किरकोळ. हालचालीचे निळे ब्लॉक 'हरवले' की समजा मंच निवडलाय, स्प्राइटवर (मांजर, डाळिंब अशा हलणाऱ्या चित्रावर) क्लिक करा. मांजर कडेला आपटून उलटं झालं तर फिरण्याची पद्धत डावी-उजवी करा. गुण सुरुवातीला शून्य करा, नाहीतर मागच्या खेळाचे तसेच राहतात. पोशाख, म्हणजे स्प्राइटचं रूप, रंगवायला दहा मिनिटंच द्या. आणि सेव्ह करा, दर वेळी नव्या नावानं. मे महिन्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

शेवटचं पालकांसाठी. पहिल्याच आठवड्यात "पायथॉन (टाइप करून लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा) कधी सुरू करणार?" असं विचारू नका. एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ साली स्क्रॅच आणलं ते मुख्यतः ८ ते १६ वयासाठी. चौथीचं मूल त्यात मागे पडलेलं नाही. 'दहा मिनिटांत गेम' असे व्हिडिओ बघून उतरवलेला गेम मी वर्गात चालवून घेत नाही. मूल कुणालाही न विचारता दोन डाळिंबं वेगवेगळ्या वेगानं पाडू लागेपर्यंत मी पायथॉनचं नावही काढत नाही.