हाय-फाय शोमध्ये फिरायचं कसं, आणि मुख्य म्हणजे ऐकायचं कसं

हाय-फाय शो म्हणजे स्पीकर, अँप्लिफायर विकणारे एकेका रूममध्ये आपली सिस्टीम वाजवून दाखवतात ते प्रदर्शन. तिकीट, चालायचे बूट वगैरे सांगत बसत नाही. म्युनिकचा हाय एंड शो २००४ पासून २०२५ पर्यंत एमओसी या प्रदर्शन केंद्रात भरायचा, २०२६ पासून तो व्हिएन्नाला गेला. मी शिकलोय ते म्युनिकला फिरून, पण कुठल्याही शोला हेच लागू पडतं.

आदल्या रात्री आठ-दहा रूम निवडा. "सगळं बघून घ्या" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, दुपारपर्यंत कान थकतात आणि मग सगळंच सारखं वाटायला लागतं.

सकाळी दार उघडलं की लगेच आत शिरा.

आता ऐकणं. इथेच मी पैसे घालवलेत. एका वर्षी गर्दीत मागच्या भिंतीला टेकून उभा होतो, बास इतका भरदार वाटला की तेच स्पीकर घेतले आणि घरी लावल्यावर तो बास कुठेच सापडेना. दोष स्पीकरचा नव्हता, भिंतीपाशी बास फुगतोच. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ३.४ मीटर अंतर असेल तर ५० हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीजवळ दणदणतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून उभ्याउभ्या मत बनवायचं नाही. दोन्ही स्पीकरसमोरची मधली खुर्ची रिकामी होईपर्यंत थांबा, बसा, आणि खुर्ची फूटभर पुढेमागे सरकवून बघा. तेवढ्यानं बास बदलला तर तुम्ही स्पीकर कमी आणि खोली जास्त ऐकताय.

दुसरी गोष्ट आवाजाची पातळी. एखाद डेसिबलनं जास्त वाजलं तर कानाला ते मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. मोबाइलवर मीटरचं ॲप ठेवा, आकडा अगदी अचूक नसला तरी या रूमची त्या रूमशी तुलना करायला पुरतो, आणि आवाज कमी करा म्हणून सांगायला अजिबात लाजू नका. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला फक्त एक तास. कान परत मिळत नाहीत.

तिसरं, रूमवाल्यांचं गाणं नको. ते लोक त्यांच्या सिस्टीमवर छान वाजणारंच लावणार ना! मी आत्याच्या मिरजेच्या तंबोऱ्याचं घरीच केलेलं रेकॉर्डिंग नेतो, कारण तो खरा कसा वाजतो ते मी समोर बसून ऐकलंय. जवारी लागलेली तार छेडली की आवाज लगेच विरत नाही, वरचे स्वर हळूहळू फुलत जातात. वाईट सेटअपवर त्याची नुसती झिणझिण होते. मग तबला. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवलं की सूर चढत जातो, तो सलग ऐकू यायला हवा. मधलाच एखादा सूर टम्मकन फुगला तर पुन्हा खोलीच बोलतेय.

पेन ड्राइव्हवर फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेली) फाइल ठेवा, आणि बऱ्याच रूममध्ये फक्त स्ट्रीमिंगच असतं म्हणून तिथे मिळणारं ओळखीचं एखादं ख्यालाचं रेकॉर्डिंगही शोधून ठेवा. "दोनच मिनिटं" म्हणून विचारलं की बहुतेक जण लावतात.

रूममधून बाहेर आल्याआल्या दोन ओळी टिपून घ्या. ऑर्डर त्या दिवशी द्यायची नाही. शोची सवलत किती तारखेपर्यंत आहे ते लिहून घ्या आणि डीलरकडे घरी डेमो मागा, नाही म्हणाला तर दुसरा डीलर.