कोकणात गाडीचं कूलंट: कोणतं घ्यावं, कसं बदलावं

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? पाणी घाल की!" हा सल्ला किनारपट्टीवर सर्रास मिळतो. बर्फाचं खरं आहे, पण कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, पाणी गोठू न देणाऱ्या ग्लायकॉलबरोबर गंजरोधक रसायनं असतात आणि कोकणात खरी गरज त्यांचीच. आजकालच्या गाड्यांचं सिलिंडर हेड आणि रेडिएटर दोन्ही बहुधा अॅल्युमिनियमचं असतं. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्यातलं क्लोराइड अॅल्युमिनियमला आतून बारीक भोकं पाडतं. सड्यावरच्या विहिरीचं पाणी प्यायला गोड असलं तरी जांभ्यातलं लोह त्यात उतरलेलं असू शकतं. म्हणून विहीर, बोअर, नळ यांपैकी काहीच नको, फक्त डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी. बॅटरीत टाकायचं पाणी चालतं, पण दुकानात त्याच्या शेजारीच बॅटरीचं अॅसिडही ठेवलेलं असतं. लेबल वाचूनच कॅन उचला.

दुसरी गरज घाटाची. एसी लावून, गाडी भरून, भर दुपारी आंबा किंवा कुंभार्ली घाट चढताना इंजिन चांगलंच तापतं. कूलंट आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाखाली तोच आकडा १२५च्या पुढे जातो. झाकणाचं रबर कडक झालं की हा दाब टिकत नाही, तेव्हा कूलंट बदलताना झाकणही तपासा.

निवड करताना रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हा कंपनीने टाकलेला रंग असतो, प्रकार त्यावरून ठरत नाही. गाडीच्या पुस्तिकेत कूलंटचा प्रकार किंवा मानक दिलेलं असतं, ते डब्यावरच्या मजकुराशी ताडून पाहा. जुन्या सिलिकेटवाल्या कूलंटचं आयुष्य साधारण दोन वर्षं, ऑरगॅनिक अॅसिडवाल्याचं पाच वर्षांपर्यंत. शेवटचा शब्द पुस्तिकेचा. दोन प्रकार एकत्र केले तर गंजरोधक लवकर संपतात, कधी कधी गाळही धरतो. आधी काय भरलंय याचा पत्ता नसेल तर वरून भर घालण्यापेक्षा सगळंच बदललेलं बरं. आणि डबा 'रेडी टू यूज' आहे की कॉन्सन्ट्रेट (पाणी मिसळून वापरायचं), हे आधी बघा. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालणं ही नेहमीची चूक आहे.

कामाला हात घालण्याआधी इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे निदान तीन तास गाडी बंद. गरम झाकण उघडलं तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा. रेडिएटरखाली बादली ठेवून तळाचा ड्रेन प्लग सोडा. प्लग नसेल तर खालच्या होज पाइपची क्लिप काढा. निघालेलं कूलंट मोजा. छोट्या पेट्रोल गाडीत एकूण चार-पाच लिटर, मोठ्या डिझेल गाडीत सात-आठ लिटर असतं, पण त्यातलं लिटर-दीड लिटर ब्लॉकमध्ये अडकूनच राहतं. तांबूस गढूळ निघालं तर डिस्टिल्ड पाणी भरून पंखा लागेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा काढा. स्वच्छ येईपर्यंत हेच करा.

धुतल्यावर आत पाणी शिल्लक असतं, म्हणून तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. अशा वेळी कॉन्सन्ट्रेट घ्या. पाच लिटरच्या गाडीत आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट, मग डिस्टिल्ड पाण्याने भर.

बहुतेकांचं काम बिघडतं ते हवा काढताना. कूलंट बारीक धारेने ओता. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर तो सैल करा आणि तिथून बुडबुड्यांशिवाय धार आली की कसा. रेडिएटरला स्वतंत्र झाकण असेल तर ते उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालवा. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडणारी झडप) उघडला. त्या वेळी पातळी एकदम खाली जाते, तेवढी भर घाला आणि झाकण लावा. पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. ज्या गाड्यांत फक्त दाबाची टाकी असते, त्यांची हवा काढायची पद्धत पुस्तिकेत पाहून करा. हीटरमधून गार हवा येत असेल, डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल किंवा काटा मध्येच उसळत असेल तर आत हवा अडकलीय. तसंच घाटात गेलात तर हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) जाऊ शकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, टाकीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे ना ते बघा.

रेडिएटरच्या बाहेरही लक्ष हवं. तांबड्या मातीची धूळ आणि खारी हवा मिळून जाळीवर थर धरतो. साध्या पाइपने हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर जाळीच्या पात्या वाकतात.

जुनं कूलंट माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते विषारी असूनही चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही दगावतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या, नुसत्या बादलीत रात्रभर ठेवू नका.

पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर ऑइलमध्ये कूलंट गेलं म्हणून लगेच हबकू नका. दमट हवेत जवळच्या जवळ गाडी फिरवली तरी ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट घटत असेल, तर मात्र गाडी चालवू नका, टो करूनच न्या.