संहिता न वाटता नाटक: तिसरी-चौथीच्या वर्गासाठी

तिसरी-चौथीच्या मुलांना नाटक शिकवायला घेतलंत, तर पहिल्या दिवशी कागद वाटू नका. संवादांचा कागद हातात आला की मूल पाठांतराला लागतं आणि पाठ केलेलं विसरू नये एवढ्याच काळजीत उभं राहतं. समोरचा काय बोलला हे त्याच्या कानावरच पडत नाही. ज्यांना अजून नीट वाचता येत नाही, ती मुलं तर कागद बघूनच मागच्या बाकावर सरकतात.

कागदाशिवाय नाटक करणं आपल्याकडे नवं नाही. तळकोकणातल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं आणि प्रवेश कोणत्या क्रमाने, एवढं ठरतं. बोलणं नट उभ्याउभ्या रचतात आणि रात्रभर गाव जागं ठेवतात. वर्गात हीच रीत धरायची. इथे दिलेला क्रम साधारण तीस मुलांसाठी, आठवड्याला दोन तासिका धरून, सहा ते आठ आठवड्यांचा आहे. बाक सरकवून केलेली मोकळी जागा, एक ढोलकी किंवा डफ आणि खडू एवढं साहित्य पुरतं.

आधी अंग, मग तोंड

पहिल्या दोन-तीन तासिका बोलायचंच नाही. ‘स्टॅच्यू’चा खेळ मुलांना येतोच, तिथून सुरुवात करा. ढोलकी वाजतेय तोवर चालायचं, थांबली की असाल तसे थिजायचं. ही खूण अंगवळणी पडली की पुढे वर्ग शांत करायला ओरडावं लागत नाही. मग चालण्यात बदल सांगा: गुडघाभर चिखलातून, तापलेल्या डांबरावरून, नुकत्या झोपलेल्या बाळाच्या शेजारून.

त्यानंतर नसलेल्या वस्तू हाताळायच्या. मुलांना घरचा अभ्यास द्या: घरी जे कोणी भाकरी करतं त्याच्याकडे बघत बसा. पीठ मळताना पाणी केव्हा घेतात, भाकरी कोणत्या हाताने फिरवतात, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कसं लावतात. दुसऱ्या दिवशी एकाने वर्गासमोर, हातात काही न घेता, भाकरी करून दाखवायची. तो उठल्यावर दुसरा त्याच जागेवरून चालत गेला, तर बघणारी मुलं ओरडतात, ‘‘अरे, परातीत पाय पडला!’’ नसलेली परात सगळ्यांना दिसायला लागली की तुमचा वर्ग नाटकासाठी तयार झाला असं समजा.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगा: लंगडणं, तोतरेपणा, कुणाचा रंग किंवा जाडी यांची नक्कल इथे चालणार नाही. त्यावर हशा पटकन मिळतो, म्हणून मुलं तिकडे वळतात. त्याऐवजी वासुदेवाची चिपळ्या वाजवत येण्याची लय, बाजारात पाटी डोक्यावर घेऊन चालणारी बाई, एसटीच्या दारातून डोकावणारा कंडक्टर अशी कामं आणि चाली बघायला लावा.

आवाज आणि बोली

लहान मुलांना ‘मोठ्याने बोल’ म्हटलं की ती किंचाळतात, आणि चार दिवसांत घसे बसतात. त्याऐवजी एकाला मागच्या भिंतीपाशी उभं करा. बोलणाऱ्याने वाक्य त्याच्यापर्यंत पोचवायचं. शब्द स्पष्ट ऐकू आला तरच त्याने हात वर करायचा. वेग आपोआप कमी होतो, शब्दांचे शेवट गिळले जात नाहीत. मग एकच वाक्य घ्या, ‘आई आली’. वाट बघून थकलेल्या मुलाने ते कसं म्हणायचं? चोरून गूळ खाणाऱ्याने कसं? आई आठवड्याने गावाहून परतली असेल तर? भावनेचं नाव सांगू नका, प्रसंग सांगा. ‘घाबरून म्हण’ म्हटलं की सगळी मुलं एकाच साच्यातलं घाबरतात.

आता बोलीविषयी, कारण माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. शाळेतलं नाटक म्हणजे पुस्तकी मराठी, असं गृहीत धरलं जातं. घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणारं मूल मग प्रत्येक वाक्य बोलण्याआधी मनात तपासून बघतं आणि शेवटी गप्प बसतं. संवाद रचताना त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या. नाटकातली आजी मालवणीत बोलली आणि लेक प्रमाण मराठीत, तर काही बिघडत नाही. अनेक घरांत असंच चालतं. वर्गात तीन-चार बोली असतील तर प्राण्यांना वेगवेगळ्या बोली वाटून द्या. ती बोली ज्याला येते तो बाकीच्यांना शिकवेल, आणि एरवी कधीच न शिकवणारं मूल त्या दिवशी शिक्षक होईल.

गोष्ट उभी करणं

पहिल्या नाटकासाठी सगळ्यांना माहीत असलेली लोककथा घ्या. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट उत्तम, कारण तिच्यात प्रवास आहे, पुन्हा पुन्हा येणारी ओळ आहे आणि भूक आहे. गोष्ट सांगून झाली की दोनच प्रश्न विचारा: कोणाला काय हवंय? आणि आड कोण येतंय? म्हातारीला लेकीकडे जायचंय, वाघाला म्हातारी खायचीय. यावरून फळ्यावर चार-पाच प्रवेशांची नावं लिहा: घरातून निघणं, जंगलात वाघ, लेकीचं घर, भोपळ्यातून परत, शेवटची युक्ती.

मग तुम्ही स्वतः वाघ होऊन खुर्चीवर बसा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. ब्रिटनमधल्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांनी शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरण्याची ही पद्धत जगभर पोचवली. ‘‘तेव्हाच का नाही खाल्लंस तिला?’’ असं मुलं हमखास विचारतात. ‘‘नुसती हाडं होती! तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते म्हणाली, आणि मी विश्वास ठेवला,’’ असं कळवळून सांगा. कुणाला वाघाची दया येईल, कुणी त्याला ‘लोभी’ म्हणेल. दोन्ही गटांना बोलतं करा. वाघाचे पुढचे संवाद त्या वादातून येतात.

आता पाच-सहा मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक प्रवेश द्या. दहा मिनिटं तयारी, मग सादरीकरण. पहिल्या खेपेला सगळे एकदम बोलतील, प्रवेश अर्ध्या मिनिटात संपेल किंवा वाघ म्हातारीला खरंच खाऊन टाकेल. चालू द्या. दुसऱ्या खेपेला एक नियम घाला: समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय आपलं सुरू करायचं नाही. तिसऱ्या खेपेला मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि चांगली सापडलेली वाक्यं मुलांकडूनच वहीत उतरवून घ्या. तुमची संहिता ही. दहा-बारा मिनिटांपेक्षा लांब होऊ देऊ नका.

तीस मुलं आणि एक म्हातारी

निवडचाचणी घेऊ नका. ती घेतली की दरवर्षी तीच चार धीट मुलं पुढे येतात आणि उरलेली झाडं होऊन उभी राहतात. त्यापेक्षा प्रत्येक प्रवेशात म्हातारी वेगळी ठेवा. एक जुनी शाल आणि काठी ठरवा. ती ज्याच्याकडे, तो आजी, मग मुलगा असो की मुलगी. बघणाऱ्यांना हे लगेच कळतं.

झाडांनाही काम द्या. कीर्तनात मागे उभे असलेले झीलकरी जसं ध्रुपद उचलून धरतात, तसं आठ-दहा मुलांच्या जंगलाने ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ उचलायचं, वाघ आला की कुजबुजायचं, वाऱ्याचा आणि पाचोळ्याचा आवाज करायचा. भोपळा पुठ्ठ्याचा करत बसू नका. पाच मुलांनी आजीभोवती हात धरून गोल केला आणि तो गोल फिरत पुढे सरकला की भोपळा झाला. त्यात पाचही मुलांना एकमेकांचा वेग सांभाळावा लागतो, आणि तालमीत सर्वांत जास्त मजा याच प्रवेशात येते.

न बोलणाऱ्या मुलाला ढकलू नका. त्याला आधी ढोलकी द्या, मग जंगलात उभं करा, मग एक आरोळी द्या. काही मुलांना वर्षभर ढोलकीच हवी असते. तीही नाटकच करत असतात.

तालीम

सर्वांत मोठा मोह म्हणजे स्वतः करून दाखवण्याचा. ‘असं म्हण’ करून तुम्ही वाक्य म्हटलंत की मूल तुमचा चढउतार गिरवतं आणि तीस मुलं तुमच्यासारखी बोलू लागतात. त्याऐवजी प्रश्न विचारा: वाघ किती लांब आहे? आजीच्या पायाखाली काय आहे? उत्तर मिळालं की वाक्य बदलतं. एका तालमीत एकच दुरुस्ती सांगा. आज कुणी कुणाला झाकायचं नाही, उद्या नुसतं ऐकणं, परवा प्रवेश आणि निर्गमन.

शिकवताना मुलांना चांगलं नाटक दाखवता आलं तर जरूर दाखवा. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत मुलांसाठी वेगळी रंगभूमी उभी केली. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरवरून प्रेरणा घेऊन १९८६ पासून पुण्यात मराठी नाटकं झाली, त्यांत मोठे नट मुलांच्या भूमिका करतात. मोठी माणसं लहान मुलाचं चालणं-रुसणं कसं करतात हे बघताना मुलं डोळे विस्फारतात.

वेशभूषेसाठी भाड्याचे कपडे आणू नका. ओढणी, टॉवेल, कागदी पट्ट्याला लावलेले कान पुरेत. पूर्ण मुखवट्याने आवाज दबतो आणि चेहराही झाकला जातो.

प्रयोग

पहिला प्रयोग पहिली-दुसरीच्या किंवा अंगणवाडीच्या मुलांसमोर, जमिनीवर, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक बसवून करा. ही मुलं कंटाळली की सरळ उठून जातात, त्यामुळे कुठला प्रवेश रेंगाळतोय ते तिथेच कळतं. पालकांना त्यानंतर बोलवा. स्नेहसंमेलनात करायचं असेल तर आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ओठ हलवायला लावू नका. मैदानात आवाज पोचत नसेल तर दोन माइक टांगा, तेही नसतील तर नाटक वर्गातच करा.

दुसऱ्या दिवशी एक तासिका बोलण्यासाठी राखून ठेवा. ‘कसं झालं?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच मिळतं. ‘समोरची मुलं कुठे गप्प झाली?’, ‘वाक्य विसरल्यावर तू काय केलंस, आणि तुला कोणी सावरलं?’ असं विचारा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदीही याच बोलण्यातून लिहा: ‘नाटकात भाग घेतला’ याऐवजी ‘जोडीदार अडला तेव्हा स्वतःचं वाक्य बदलून प्रवेश पुढे नेला’.