फोन बदलण्याआधी या चुका टाळा

‘फोटो धुरकट येतात, आता कोणता फोन घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी त्याचा फोन हातात घेऊन उलटा करतो. बहुतेक वेळा लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असतो. फोन दिवसभर खिशात, पर्समध्ये, वडापाव खाल्लेल्या हातात फिरतो आणि धरताना बोट नेमकं लेन्सवरच टेकतं. त्या ठशामुळे रात्री दिव्यांभोवती लांब पट्टे पडतात, उन्हात चित्रावर पांढुरका पडदा येतो, काळा रंग राखाडी दिसतो. मग लोक एडिटिंग ॲपमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवत बसतात. तीस-चाळीस हजारांचा नवा फोन घेण्याआधी धुतलेला सुती रुमाल फिरवून बघा. मी फोटो काढण्याआधी दर वेळी लेन्स पुसतोच. समुद्रकिनारी मात्र आधी फुंकर मारून वाळू उडवायची. कण घासला गेला तर ओरखडा कायमचा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. ताम्हिणीत गार एसी गाडीतून उतरलं की बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प थंड लेन्सवर जमतं. पुसलं तरी पुन्हा जमतं, कारण काच अजून गारच असते. घाट लागला की एसी बंद करून खिडक्या उघडा, फोन बाहेरच्या हवेला येऊ द्या. उतरल्या उतरल्या धबधब्याकडे धावणाऱ्यांना एवढीही सवड नसते, आणि मग परतीच्या वाटेत ‘धुकं फार होतं हो’ असं ऐकायला मिळतं.

दुसरी चूक म्हणजे उजेडाचा निर्णय पूर्णपणे फोनवर सोडून देणं. समोरचं दृश्य काळं असो वा पांढरं, कॅमेरा ते मध्यम उजेडाचं दाखवायला बघतो. सप्टेंबरात कासच्या पठारावर हे फार दिसतं. काळपट कातळ आणि ओली माती बघून फोन चित्र उजळवतो आणि गेंदाची पांढरी फुलं नुसते पांढरे ठिपके होऊन बसतात, पाकळीचा मागमूस राहत नाही. एकदा फुटलेला पांढरा रंग नंतर कोणत्याही फिल्टरने परत येत नाही. उपाय स्क्रीनवरच आहे. फुलावर बोट टेकवून दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो. मग बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा आणि फुलातले बारकावे दिसायला लागले की थांबा. धबधब्याचा फेस, पांढरं धोतर, दुपारचं आकाश, सगळ्यांना हाच उपाय. थोडा अंधारलेला फोटो नंतर उजळता येतो.

आणि कासचा विषय निघालाच आहे तर, फुलांच्या ताटव्यात बसून सेल्फी काढू नका. पश्चिम घाटाच्या ज्या भागांना 2012 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत हे पठार आहे. चार बोटं उंचीची ती झाडं एका बैठकीत आडवी होतात. वाटेवर उभं राहून, गुडघे वाकवून, फोन उलटा धरून लेन्स जमिनीजवळ नेली की फुलं आकाशापर्यंत पसरलेली दिसतात.

आता ज्या चुकीचा मला मनापासून राग येतो ती. फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि फोनमधला मूळ फोटो उडवायचा.

ओळखीच्या एका घरातली गोष्ट. आजींची रायगड बघायची फार इच्छा होती. नातवंडांनी रोपवेने वर नेलं. जगदीश्वराच्या देवळापाशी पदर डोक्यावर घेऊन हसणाऱ्या आजी, असा फोटो नातवाने काढला आणि तो खरंच सुंदर होता. पुढे आजी गेल्या. भिंतीवर लावायला बारा बाय अठरा इंचाची फ्रेम करायचं ठरलं, तेव्हा कळलं की मूळ फोटो नाही. ‘स्टोरेज फुल’ आलं म्हणून ट्रिपचा सगळा फोल्डर पुसला होता, ग्रुपवर आहेत म्हणून. ग्रुपवर पाठवताना व्हॉट्सॲपने लहान केलेला फोटो लांब बाजूने 1600 पिक्सेलचा. चांगल्या प्रिंटला इंचामागे 300 पिक्सेल धरतात, म्हणजे अठरा इंचांना 5400 लागतात. त्यात आजींबरोबर चौघे जण, त्यांना कापलं की चेहऱ्यापुरते दोन-अडीचशे पिक्सेल उरत होते. कुणीतरी तो चेहरा ‘एका क्लिकवर एचडी’ करणाऱ्या ॲपमधून काढला. सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत झाल्या आणि कपाळावरचं गोंदण गायब. घरातल्या सगळ्यांनी एकदमच सांगितलं, ही आजी नाही. शेवटी पोस्टकार्डाएवढी फ्रेम केली.

म्हणून माझा नेम असा. मुक्कामावर पोचलो की जेवणाआधी फोन केबलने लॅपटॉपला जोडून दिवसभराचे फोटो उतरवायचे. घरी आल्यावर तेच एका हार्ड डिस्कवर. दोन ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय फोनमधून काहीही पुसायचं नाही. नातेवाइकांना मूळ फोटो द्यायचा असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. जागा कमी पडत असेल तर आधी गुड मॉर्निंगचे मेसेज आणि फॉरवर्ड झालेले व्हिडिओ उडवा, ट्रिपचे फोटो नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. चिमटीने झूम करू नका. फोनमध्ये झूमची वेगळी लेन्स नसेल तर तो चित्र नुसतं कापून मोठं करतो. चार पावलं पुढे जा.

ग्रुप फोटो 0.5 वर, म्हणजे जास्त रुंद दाखवणाऱ्या लेन्सवर, काढू नका. कडेला उभी असलेली माणसं ताणली जातात आणि काकू उगीच दुप्पट रुंद दिसतात. मागे सरका आणि 1 वर काढा.

आरतीच्या वेळी फ्लॅश बंद. निरांजनाचा पिवळा उजेड त्याने मरतो. अजिंठ्याच्या लेण्यांत तर चित्रांच्या जपणुकीसाठी फ्लॅशला बंदीच आहे. तिथे नाइट मोड लावा, कोपर छातीशी घट्ट धरा, श्वास रोखा आणि बटण दाबल्यावर फोन ‘झालं’ म्हणेपर्यंत हलू नका. नाइट मोड लागोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्यांचं एक चित्र करतो, त्यामुळे बटण दाबताच फोन खाली घेणाऱ्यांचे फोटो हललेलेच येणार.