हलक्या तंबूखालची ग्राउंडशीट: खान्देशात मुक्कामाला निघण्यापूर्वी

सव्वा-दीड किलोच्या तंबूचा तळ उन्हासमोर धरला की पलीकडची बोटं दिसतात, इतका तो पातळ असतो. बहुतेक हलक्या तंबूंना तळाला १५ ते २० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन आणि वर पाणी अडवणारा लेप, एवढंच असतं. घाटमाथ्यावर या तळाला पाण्याची भीती. खान्देशात आधी काट्याची. बाभूळ, हिवर, बोर, सराटे, कुसळ, आणि यातलं काही नसेल तिथे मुरमाचे धारदार खडे. तोरणमाळ असो, पालचं जंगल असो, नाहीतर पाटणादेवीकडचे डोंगर, ग्राउंडशीटची, म्हणजे तंबूच्या तळाखाली अंथरायच्या कागदाची किंवा कापडाची, तयारी काट्यापासूनच सुरू करावी लागते.

निघायच्या आठवडाभर आधी तंबू गच्चीवर किंवा अंगणात नीट ताणून उभा करा आणि तळाचं माप स्वतः घ्या. पिशवीवर छापलेल्या मापावर कापायला जाऊ नका. बऱ्याच तंबूंचा तळ डोक्याकडे रुंद आणि पायाकडे निमुळता असतो, शिवाय कडा चार-पाच बोटं वर उचललेल्या असतात. मोजायचा तो जमिनीला टेकणारा सपाट भाग. चारही कोपऱ्यांच्या खुणा फरशीवर खडूने करा, त्या खुणांच्या आत सगळीकडून ५ सेंटिमीटर सोडून दुसरी चौकट आखा आणि शीट त्या आतल्या चौकटीवर कापा. तळ २१० बाय १३० सेंटिमीटर असेल तर शीट २०० बाय १२० ची झाली पाहिजे.

या ५ सेंटिमीटरवर सगळं अवलंबून आहे, कारण चूक नेमकी इथेच होते. शीट तंबूपेक्षा मोठी असली तर बरीच, असं वाटतं, आणि कडा बाहेर राहतात. पाऊस आला की वरच्या कापडावरून ओघळलेलं पाणी त्या बाहेरच्या पट्टीवर पडतं. प्लास्टिकमधून ते जमिनीत मुरू शकत नाही, मग उताराने तंबूच्या तळाखाली शिरतं. शीट आणि तळ यांच्यामध्ये पाणी साठतं, वरून माणसाचं वजन, आणि गुडघा किंवा कोपर टेकेल तिथून ओल आत यायला लागते. एरवी मुरमाने तेच पाणी पिऊन टाकलं असतं. अशी शीट असण्यापेक्षा नसलेली बरी. शिवाय बाहेर राहिलेल्या पट्टीवर थेंब आपटून शिंतोडे जाळीतून आत येतात ते वेगळेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट इकडे अधूनमधून होतेच, त्यामुळे ‘हिवाळ्यात कसला पाऊस’ म्हणून हे सोडून देऊ नका.

आता कापड कोणतं. वरच्या मापाची शीट २.४ चौरस मीटर होते, वजनाचा हिशोब त्यावर करू. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा १०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घेतला तर साधारण २२० ग्रॅम भरतो. स्वस्त, सराट्याला बऱ्यापैकी दाद न देणारा, फाटला तर हळहळ नाही. पहिल्यांदा करत असाल तर हाच घ्या. टायवेक, म्हणजे घरबांधणीत भिंतीला गुंडाळतात तो पांढरा, कागदासारखा दिसणारा प्रकार, मागवून घ्यावा लागतो. तो दीडशे ग्रॅमच्या आत बसतो आणि खरचटण्याला प्लास्टिकपेक्षा चांगला टिकतो. नवा असताना फार कडक असतो आणि रात्रभर कुरकुरतो. साबण न घालता गार पाण्यात एकदा धुतला की मऊ पडतो, मात्र वारंवार धुतला तर पाणी अडवण्याचा गुण कमी होतो. पाठीवरचा एकेक ग्रॅम मोजणाऱ्यांसाठी सोय आपल्याच शेतात आहे: टरबूज-मिरचीला अंथरतात तो २५ मायक्रॉनचा मल्चिंग पेपर. चार फुटी रोल म्हणजे रुंदी आयतीच १२० सेंटिमीटर, वजन जेमतेम ५५-६० ग्रॅम. दोन-तीन मुक्कामांनंतर त्याला भोकं पडणार हे धरूनच चाला, आणि शेतात वापरून झालेला नव्हे, कोऱ्या रोलचा तुकडा मागा. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, एवढ्या मापाला किलोच्या वर जातो. ताडपत्री वाईट नाही, पण जुनी असेल तर घडीच्या रेषांवर पाझरते. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतून, खाली वर्तमानपत्र ठेवून, गुडघ्याने दाबून बघा. कागद ओला झाला तर ती घरीच राहू द्या.

कोपऱ्यांना भोकं पाडू नका, प्लास्टिक तिथूनच फाटत जातं. कोपऱ्यात चिंचोक्याएवढा गुळगुळीत खडा ठेवून त्याच्याभोवती शीट गुंडाळा, खाली २ मिलिमीटरच्या दोरीचा फास आवळा आणि पुढे मुठीएवढी कडी ठेवा. तंबूच्या कोपऱ्याची खुंटी या कडीतूनच ठोकायची म्हणजे शीट सरकत नाही. वरची बाजू कोणती ते पक्क्या मार्करने ठळक लिहून ठेवा. आज मातीला लागलेली बाजू उद्या तंबूच्या तळाला लागली, तर तिच्यात रुतून बसलेली कुसळं शीटच आपल्या हाताने तळात टोचते.

पिशवीत शीट तंबूच्या आत गुंडाळू नका. बाहेरच्या कप्प्यात ठेवा, ती सगळ्यात आधी लागते आणि सकाळी सगळ्यात घाण झालेली असते. सोबत दुरुस्तीचं सामान हवं. तळाला दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप असेल तर साधी चिकटपट्टी त्याच्यावर धरत नाही, त्याला सिलिकॉन सीलंटच लागतं. एका बाजूला पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असेल तर त्या बाजूला दुरुस्तीची पट्टी बसते. आपला तंबू यातला कोणता, हे निघण्याआधी माहितीपत्रकात बघून घ्या, रात्री टॉर्चच्या उजेडात शोधत बसू नका. शिवाय एक मऊ फडकं, आणि रबरी तळव्याची चप्पल.

चप्पल यासाठी की जागा तपासायला तिच्यासारखं साधन नाही. दगड आणि काटक्या उचलून झाल्या, फांदीने झाडून झालं, की तंबूच्या जागेवर चप्पल घालून पाय दाबत दोन फेऱ्या मारा आणि तळवे उलटून बघा. सराटे असतील तर त्यात रुतलेले दिसतील. पाच-सात निघाले तर पुन्हा झाडा. दरवेळी निघतच राहिले तर जागा बदला. दगड उचलताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे खाली विंचू असलाच तर तो आपल्या बाजूला येत नाही. वारूळ आणि मुंगळ्यांची रांग यांपासून लांब राहा. कुसळीचं गवत उभं असेल तिथे तंबू लावूच नका, कारण तिचं टोक तिरकं शिरतं आणि कूस बदलली की पुढे सरकतं. मागे येत नाही.

शेतात राहणार असाल तर मालकाला विचारा, अभयारण्यात वनविभागाची परवानगी घ्या. शेतात कपाशीची पऱ्हाटी कापलेली किंवा दादर ज्वारी काढलेली जागा सपाट आणि मोकळी दिसते, पण तिथे धसकटं असतात. तिरकं कापलेलं धसकट कोणत्याही ग्राउंडशीटने अडत नाही, १०० मायक्रॉनच्याही नाही. बांध किंवा खळ्याची जागा मागून घ्या. काळ्या मातीत दुसरी अडचण: सुकी असताना भेगा आणि ढिल्या खुंट्या, ओली झाली की शीटला खालून थरावर थर चिकटतो आणि सकाळी किलोभर चिखल सोबत येतो. मुरमाड माळ मिळाला तर तोच निवडा. खुंटी नीट शिरत नसेल तर ठोकत बसू नका, ॲल्युमिनियमची असेल तर वाकेल. दोरीला जड दगड लावा.

शीट अंथरल्या अंथरल्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा, संध्याकाळचा वारा ती उचलून नेतो. तंबू वर ताणून झाल्यावर चारही बाजूंनी फिरून खाली वाकून बघा. शीटची कड कुठेही डोकावत असेल तर आत दुमडा. दुमड खालच्या बाजूला, वरच्या नव्हे. वर दुमडली तर तिथे पन्हाळ तयार होते.

सकाळी शीट आणि तळ दोन्ही ओले सापडतील. तंबू गळला असं समजू नका. जमिनीतली वाफ प्लास्टिकला अडते आणि तिथेच तिचं पाणी होतं, थंडीत हे रोजचंच. फडक्याने पुसा, खालची बाजू वर करून अर्धा तास उन्हात टाका. तोवर तंबूचा तळ सूर्यासमोर धरून बघा. बारीक भोक पडलं असेल तर सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका चमकतो. तिथेच मार्करने गोल करून ठेवा, घरी गेल्यावर सापडत नाही.

घरी आल्यावर शीट साध्या पाण्याने धुवा, रुतलेले काटे चिमट्याने काढा आणि पूर्ण वाळल्यावर गुंडाळी करून ठेवा. घडी घालायचीच असेल तर दरवेळी वेगळ्या रेषेवर. तंबू मात्र पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर टाकू नका. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पत्र्याखाली जी धग असते, तिने पीयूचा लेप लवकर जुना होतो, आणि दमट हवा लागली की चिकट होऊन सुटायला लागतो. सुती पिशवीत सैलसर भरून घरातल्या सगळ्यात गार खोलीत, भिंतीपासून जरा लांब ठेवा.